ज्याचं कोणी नाही, त्याचं शेवटचं कोण करणार?

मरणाचा विचार करताना आत्तापर्यंत आपण बराचसा वरच्या मजल्यावर वावरलो. आत्मा आहे की नाही, मरणाची भीती योग्य की अयोग्य, असं सगळं. आज आपण जिना उतरून खाली येणार आहोत, अगदी स्मशानातल्या पास देणाऱ्या खिडकीपर्यंत. त्याला कारण आहे. गेल्या वेळी आलेल्या प्रश्नांत एक प्रश्न दोन बाजूंनी आला होता. एका श्रोत्यांनी विचारलं, "मी एकटा आहे, माझं शेवटचं कोण करणार?" आणि दुसऱ्या एका ताईंनी विचारलं, "शेजारचे काका वारले, त्यांचं कोणीच नव्हतं, तर आम्हाला ते करता येतं का?" आमच्या मते हा एकच प्रश्न आहे. पहिल्याला उत्तर हवं असेल, तर दुसरीला 'हो' म्हणता आलं पाहिजे.

सुरुवात शब्दापासून करू. आपण सहज म्हणतो, 'बेवारस मृतदेह'. वारस म्हणजे काय? ज्याच्याकडे मालमत्ता जाते तो. म्हणजे बघा, माणूस गेल्यावर त्याचं कोणी आहे की नाही, हे आपण मालमत्तेच्या भाषेत ठरवतो. चाळीस वर्षं एका गल्लीत राहिलेला, दूधवाल्यापासून वाचनालयापर्यंत सगळ्यांना माहीत असलेला माणूस एका रात्रीत 'बेवारस' होतो, कारण त्याचं घर ज्याच्याकडे जाईल असं कोणी नाही. शब्दाचा हा गोंधळ नीट लक्षात घ्या, कारण पुढच्या बऱ्याच अडचणी त्यातूनच येतात.

या एका शब्दाखाली आपण तीन वेगवेगळ्या गोष्टी कोंबतो. पहिली, अनोळखी मृत. रेल्वेमार्गावर, रस्त्यावर सापडलेला, ज्याचं नावही माहीत नाही. दुसरी, ओळख पटलेली आहे, नातेवाईकही आहेत, पण ते येत नाहीत किंवा नको म्हणतात. आणि तिसरी, रक्ताचं किंवा लग्नाचं कोणी उरलेलंच नाही, पण ओळखीचे, मायेचे लोक आहेत. आज आपण मुख्यतः तिसऱ्या प्रकाराबद्दल बोलणार आहोत.

आता तत्त्वज्ञानाचा माणूस म्हटल्यावर एक शंका आधी निकालात काढायला हवी. मेलेल्याला काय फरक पडतो? ग्रीकांमध्ये डायोजिनीस नावाचा एक फटकळ तत्त्ववेत्ता होऊन गेला. त्याची गोष्ट सिसेरोने सांगितली आहे. डायोजिनीस म्हणाला, मी मेल्यावर मला उघड्यावर फेकून द्या. मित्र म्हणाले, "अरे, पशुपक्षी खातील ना!" तो म्हणाला, "मग जवळ एक काठी ठेवा, मी हाकलीन." "तुला शुद्ध कुठे असणार?" "मग शुद्ध नसलेल्याला ते खाल्ल्याचं दुःख कसलं?" एपिक्युरसही साधारण हेच सांगतो, आणि आपल्याकडच्या चार्वाकांना देहाच्या पुढे काही मान्यच नव्हतं.

युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण त्यात एक गोष्ट नीट पाहा. डायोजिनीस हे स्वतःबद्दल बोलतोय. स्वतःच्या देहाची फिकीर नाही असं म्हणण्याचा अधिकार त्याला आहे. शेजारच्या खोलीतल्या माणसाच्या देहाबद्दल तेच म्हणण्याचा अधिकार आपल्याला त्यातून मिळत नाही. त्या माणसाने आयुष्यभर काही मानलेलं असतं. कुणाला दहन हवं असतं, कुणाला दफन, कुणाला देहदान, कुणाला काहीच विधी नको असतात. जिवंत असताना आपण त्याच्या या इच्छेला मान देत होतो. ती इच्छा मरणानंतरच्या काळाबद्दलची होती, म्हणून ती मरणाबरोबर रद्द होत नाही. आपण मित्राला दिलेला शब्द तो गावाला गेल्यावर मोडत नाही, मग तो गेल्यावर का मोडावा? मेलेल्याला कळत नाही, हे खरं धरलं तरी आपल्याला कळत असतं. कर्तव्य करणारे आपण आहोत.

बरं, कर्तव्य आहे हे मान्य. पण कोणाचं? इथे परंपरा काय म्हणतात ते पाहण्यासारखं आहे.

महाभारतातलं स्त्रीपर्व काढा. युद्ध संपलंय, रणांगण प्रेतांनी भरलंय. धृतराष्ट्र युधिष्ठिराला विचारतो, ज्यांचं कोणी आहे आणि ज्यांचं कोणी नाही, त्या सगळ्यांचे दाह विधिपूर्वक होणार ना? युधिष्ठिर विदुर, संजय, धौम्य, युयुत्सू वगैरेंना सांगतो की अनाथासारखं कोणाचंही शरीर पडून राहता कामा नये. मग राजांच्या वेगळ्या चिता होतात, आणि देशोदेशींहून आलेले, ज्यांना तिथे कोणी नव्हतं, त्यांचे दाह विदुर एकत्र करवून घेतो. शत्रूकडचे की आपल्याकडचे, असा भेद तिथे नाही. आणि यानंतर लगेच, गंगेवर तर्पणाच्या वेळी, कुंती सांगते की कर्ण तुमचा थोरला भाऊ होता. म्हणजे ज्याला परका समजून मारलं, तो घरातलाच निघाला. आम्हाला हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो. कोण कुणाचं आहे याची आपली माहिती नेहमी अपुरी असते.

रामायणात राम जटायूचं दहन करतो. तिथे ना गोत्र, ना रक्त. दशरथाचा मित्र होता आणि सीतेसाठी लढताना गेला, एवढं नातं पुरलं.

स्मृतींचंही पाहू. पराशर स्मृतीत असं वचन आहे की अनाथ प्रेत वाहून नेणाऱ्याला पावलोपावली यज्ञाचं फळ मिळतं, आणि स्नानाने त्याची लगेच शुद्धी होते. हे ऐकायला छान आहे. पण वचन पूर्ण वाचलं तर तिथला मृत माणूस ब्राह्मण आहे आणि वाहणारेही द्विज आहेत. म्हणजे माणुसकीचं तत्त्व सापडलं होतं, पण ते जातीच्या कुंपणात ठेवलं होतं. आपल्याला तत्त्व घ्यायचंय, कुंपण नको.

इस्लाममध्ये एक फार नेमकी कल्पना आहे, फर्ज-ए-किफाया. मृताला आंघोळ, कफन, नमाज, दफन, ही समाजाची सामायिक जबाबदारी. काही जणांनी पार पाडली की सगळे सुटतात, कोणीच नाही केली तर सगळे दोषी. ज्यू परंपरेत ज्याला पुरायला कोणी नाही अशा मृताचं दफन इतकं मोठं कर्तव्य मानलं आहे की एरवी प्रेताजवळ जायला मनाई असलेल्या मुख्य पुरोहितानेसुद्धा ते करावं. ख्रिस्ती धर्मातही मृताला मूठमाती देणं हे दयेच्या सात शारीर कृत्यांपैकी एक आहे. सगळ्यांचा मथितार्थ एकच निघतो. कुटुंब नसेल तर कर्तव्य नाहीसं होत नाही, ते सर्वांवर येतं.

आता 'सर्वांवर' म्हटलं की नेहमीचा धोका असतो. सर्वांचं काम म्हणजे कोणाचंच नाही. म्हणून आधुनिक राज्यव्यवस्थेने शेवटची जबाबदारी कुठेतरी बांधून ठेवली आहे. आपल्या राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत दफन, दहन, स्मशानभूमी आणि विद्युतदाहिन्या हे विषय शहरांच्या स्थानिक संस्थांकडे आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली पंडित परमानंद कटारा यांच्या याचिकेत म्हटलं की कलम २१ मधला प्रतिष्ठेचा हक्क मृतदेहालाही लागू होतो. २००२ साली आश्रय अधिकार अभियानाच्या प्रकरणात बेघर मृतांनाही त्यांच्या धर्मश्रद्धेप्रमाणे सभ्य अंत्यसंस्कार मिळायला हवेत हे मान्य झालं. तेव्हा ही कुणाची मेहेरबानी नाही, हक्क आहे.

आता प्रत्यक्षात काय होतं? कोणीच पुढे आलं नाही, तर पोलीस नातेवाइकांचा शोध घेतात, देह काही काळ शवागारात राहतो आणि मग पोलीस व पालिका मिळून विल्हेवाट लावतात. 'विल्हेवाट' हा शब्द कागदावरचाच आहे, आमचा नाही. आपल्या राज्यातल्या १९४९ च्या अ‍ॅनाटॉमी अ‍ॅक्टप्रमाणे कोणी न नेलेला देह वैद्यकीय महाविद्यालयाला अभ्यासासाठी दिला जाऊ शकतो. स्वतःच्या इच्छेने केलेलं देहदान ही मोठी गोष्ट आहे. पण ज्याला ते नको होतं त्याचं, केवळ विचारायला कोणी नव्हतं म्हणून होणं, ही वेगळी गोष्ट आहे.

म्हणून शेजारी, मित्र, सहकारी पुढे येऊ शकतात का? येऊ शकतात. कसं, ते क्रमाने सांगतो. हा भाग लिहून घेतलात तरी चालेल.

मृत्यू घरी झाला असेल तर नेहमीच्या डॉक्टरांना बोलवा. मृत्यूचं वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. घरच्या मृत्यूसाठी नमुना ४ अ, रुग्णालयातल्यासाठी नमुना ४. दार आतून बंद आहे, दोन दिवस पेपर उचललेला नाही, असं दिसलं तर दार स्वतः फोडू नका, ११२ ला फोन करा. काही संशयास्पद असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ प्रमाणे पोलीस पंचनामा करतात, गरज वाटल्यास शवविच्छेदन होतं. त्यात अपमान काही नाही. उलट, मागे विचारणारं कोणी नाही अशा माणसाच्या मृत्यूची चौकशी नीट झालीच पाहिजे.

दुसरी पायरी, नातेवाइकांचा खरा शोध. "त्यांचं कोणी नाही" हे आपण ऐकीव सांगतो. फोनमधले नंबर, जुनी पत्रं, पेन्शनचे कागद बघा, पण दोन-तीन जणांसमोर. लांबचा पुतण्या सापडला तर त्याला कळवा. वीस वर्षं बोलणं नसलं तरी कळवा, न येण्याचा निर्णय त्याचा त्याला घेऊ द्या. तो नको म्हणाला तर तसं लेखी मागा, साधा मेसेजसुद्धा उपयोगी पडतो.

तिसरी पायरी, देहाचा ताबा. ही सगळ्यात अवघड. आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक निवृत्त परिचारिका राहत. लग्न केलेलं नव्हतं, एक भाऊ होता तो आधीच गेलेला. रुग्णालयात गेल्या. तिथल्या खिडकीवर प्रश्न एकच, "नातं काय?" आम्ही आठ जण उभे होतो, पण त्या रकान्यात लिहिता येईल असं एकाकडेही काही नव्हतं. शेवटी पोलीस चौकीतून कागद आणावा लागला आणि दीड दिवस गेला. खिडकीवरचा माणूस वाईट नव्हता. उद्या कोणी आलं आणि "आमचा देह कुणाला दिलात?" म्हणालं तर काय, ही त्याची भीती खरी आहे. त्या भीतीला उत्तर कागदानेच देता येतं. मृताचं आधार कार्ड, ताबा घेणाऱ्याचं ओळखपत्र, सोसायटीचं किंवा नगरसेवक-सरपंचाचं पत्र, पोलिसांचं ना हरकत, आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे मृताने स्वतः लिहून ठेवलेलं पत्र.

इथे थोडं थांबू, कारण त्या 'नातं काय' मध्ये खरा तात्त्विक प्रश्न आहे. एरवी आपण कुटुंबाला हा अधिकार का देतो? दोन कारणांनी. एक, त्या माणसाला काय हवं होतं हे त्यांना ठाऊक असतं असं आपण धरतो. दोन, त्यांना त्याच्याबद्दल माया असते असं धरतो. रक्त ही त्या दोन गोष्टींची खूण आहे. खूण नाही म्हणून वस्तूच नाही, असं होत नाही. ज्याला माहिती आहे आणि माया आहे, त्याच्याकडे तो अधिकार नैतिकदृष्ट्या आपोआप येतो.

पण मग लबाड माणूसही 'माया आहे' म्हणत येईल, घरावर डोळा ठेवून. ही शंका रास्त आहे. म्हणून आमचं सांगणं असं की देहाची जबाबदारी आणि मालमत्तेचा हक्क या दोन गोष्टी पहिल्या तासापासून वेगळ्या ठेवा. घराला कुलूप लावा, साक्षीदारांसमोर लावा, किल्ली सोसायटीकडे किंवा पोलिसांकडे द्या. दागिने, पासबुक, काहीही घरी नेऊ नका. मृताचं एटीएम कार्ड वापरू नका, अगदी अंत्यसंस्कारासाठीसुद्धा नाही. मुखत्यारपत्र होतं म्हणाल, तर ते माणसाबरोबरच संपतं. खर्च वर्गणीतून करा आणि प्रत्येक पावती जपा. भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम ३२० प्रमाणे अंत्यविधीचा वाजवी खर्च मृताच्या संपत्तीतून इतर सगळ्या कर्जांच्या आधी द्यायचा असतो. आणि खरोखर कोणी वारस नसेल तर मालमत्ता सरकारजमा होते. ज्याने मालमत्तेला हात लावला नाही, त्याच्या हेतूवर कोणी बोट ठेवत नाही.

चौथी पायरी, विधी. कोणता करायचा? त्या माणसाची इच्छा, ती माहीत नसेल तर त्याची श्रद्धा, तीही माहीत नसेल तर साधेपणा. आपली श्रद्धा या यादीत कुठेच नाही, हे ध्यानात ठेवा. ख्रिस्ती माणूस असेल तर चर्चला, मुसलमान असेल तर मशिदीच्या जमातीला आधी कळवा. नास्तिक असेल तर मंत्र म्हणून त्याच्यावर सूड उगवू नका.

आमच्या त्या परिचारिका बाईंच्या वेळी अग्नी कोणी द्यायचा यावर कुजबुज झाली. कोणी म्हणे, सोसायटीच्या चेअरमननी द्यावा, ते पुरुष आहेत, वयाने मोठे आहेत. पण एकोणीस वर्षं त्यांच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताई मागे उभ्या होत्या. शेवटच्या आजारात त्यांनीच भरवलं होतं. गुरुजींना विचारलं, ते म्हणाले, "ज्याने केलंय त्याने करावं." ताईंनी अग्नी दिला. दुसऱ्या दिवशी राख सावडायलाही त्याच गेल्या. चेअरमनांना काही वाईट वाटल्याचं आम्हाला दिसलं नाही. खांदा त्यांनी दिलाच होता.

विधीत एक गोष्ट मात्र चुकवू नका. त्या माणसाचं नाव मोठ्याने घ्या आणि दोन मिनिटं कोणीतरी त्याच्याबद्दल खरं बोला. कुठे जन्मले, काय काम केलं, काय आवडायचं. नेदरलँडमध्ये एक चांगली प्रथा सुरू झाली आहे. २००१ साली ग्रोनिंगेनमध्ये आणि पुढच्या वर्षी अ‍ॅमस्टरडॅममध्ये. ज्याच्या अंत्यविधीला कोणीच येणार नाही अशा माणसासाठी एक कवी, जी थोडीफार माहिती मिळेल तिच्यावरून, कविता लिहितो आणि तिथे वाचतो. आपल्याकडे अयोध्येच्या मोहम्मद शरीफ यांचं नाव आपण ऐकलं असेल. सायकल दुरुस्त करणारा माणूस. त्यांचा मुलगा परगावी मारला गेला आणि त्याचा देह बेवारस ठरला. त्यानंतर त्यांनी ठरवलं की आपल्या भागात कोणी असं जाणार नाही, आणि हिंदू असो वा मुसलमान, हजारोंचे अंत्यविधी ज्याच्या त्याच्या रीतीने केले. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. कोविडच्या काळात तर कुटुंब असलेल्यांनाही पालिकेच्या कर्मचाऱ्यांनी आणि अनोळखी कार्यकर्त्यांनीच निरोप दिला. 'ज्याचं कोणी नाही' ही स्थिती काही मोजक्या दुर्दैवी लोकांची राखीव जागा नाही, हे त्या दोन वर्षांनी आपल्याला दाखवलं.

आता एकट्या राहणाऱ्या श्रोत्यांसाठी. तुम्ही काय करून ठेवावं? मृत्युपत्र करा, त्यात व्यवस्थापक नेमा. पण मृत्युपत्र बहुधा सगळं आटोपल्यावर उघडलं जातं, म्हणून अंत्यविधीची इच्छा वेगळ्या एका कागदावर लिहा. दहन की दफन की देहदान, विधी हवेत की नकोत, कोणाला कळवायचं, कोणी पुढाकार घ्यायचा. दोन माणसांची नावं लिहा, एकच नको, कारण तीही आपल्याच वयाची असतात. त्यांना आधी विचारा. कागदावर तारीख, सही, दोन साक्षीदार. एक प्रत त्यांच्याकडे, एक डॉक्टरांकडे, एक सोसायटीकडे. देहदान किंवा नेत्रदान करायचं असेल तर संस्थेला आत्ताच विचारून ठेवा की नातेवाईक नसताना कोणाची संमती चालेल. नेत्रदानाला वेळ थोडा असतो, साधारण सहा तासांच्या आत. आणि थोडी रक्कम विश्वासाच्या माणसाकडे रोख ठेवा. नामनिर्देशन केलेलं असलं तरी बँकेतले पैसे मिळायला वेळ लागतो, आणि स्मशानाची वेळ थांबत नाही.

हे लिहिताना मन कच्चं होतं, आम्हाला कल्पना आहे. आम्हीही सत्तरी ओलांडली आहे. पण लिहून झाल्यावर झोप बरी लागते, असं ज्यांनी लिहिलं त्यांच्याकडून आम्ही ऐकलं आहे.

शेवटचं काम म्हणजे मृत्यूची नोंद. १९६९ च्या कायद्याप्रमाणे २१ दिवसांच्या आत. शेजारी बहुतेक वेळा हे विसरतात, कारण दाखला मागणारा वारस नसतो. मग तो माणूस कागदोपत्री जिवंतच राहतो, त्याच्या नावाने कोणी काहीही करू शकतं. म्हणून नोंद कराच. रुग्णालयातली नोंद रुग्णालय कळवतं, घरच्या मृत्यूची माहिती आपण द्यायची. त्या अर्जात मृताचं नाव, वय, मृत्यूचं ठिकाण असतं, आणि खाली एक रकाना असतो, माहिती देणाऱ्याचं नाव आणि पत्ता. 'वारस' असं तिथे लिहिलेलं नाही. तिथे आपलं नाव घालायला कुठल्याही नात्याची गरज नाही.

आज इथेच थांबू. प्रश्न असतील तर जरूर पाठवा, पुढच्या वेळी सुरुवात त्यांच्यापासून करू.